परसातल्या किड्यांची छायाचित्रे

परसात पाऊल टाकले की आपल्याला काय दिसते? अळवाचे आळे, शेवग्याचे झाड, मांडवावर चढवलेला वाल, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ आणि कुंपणाच्या कडेला कुणी न लावता उगवलेली रुई. एवढे बघून आपण कढीपत्त्याच्या चार काड्या मोडतो आणि स्वयंपाकघरात परततो. पण ज्या पानाला आपला हात लागला, त्याच्याच खालच्या अंगाला एक गाव वसलेले असते. तिथे कुणी रस शोषत बसलेले असते, कुणी त्या शोषणाऱ्याला खात असते, कुणी राखण करीत असते, तर कुणी दुसऱ्याच्या पोटात आपले अंडे ठेवून केव्हाच पसार झालेले असते. या गावच्या रहिवाशांना आपण सरसकट एकच नाव दिले आहे, किडे. आणि सरसकट एकच औषध योजले आहे, फवारा.

आज मी बोलणार आहे ते या रहिवाशांची अगदी जवळून छायाचित्रे कशी घ्यावीत याविषयी. आता कुणी म्हणेल, "अहो, फोटो काढणे हा रिकामपणचा उद्योग. आम्हा शेतकऱ्यांना तो कुठे परवडायचा?" त्यांना मी एवढेच म्हणेन की जरा दम धरा. आपण वांग्याच्या एका झाडापासून सुरुवात करू, आणि मग हा उद्योग परवडतो की नाही ते तुम्हीच ठरवा.

वांग्याच्या पानावर एक लहानसा भुंगा बसला आहे. पाठ वाटोळी, रंग तांबूस, अंगावर काळे ठिपके. याला मित्र समजायचे की शत्रू? ठिपक्यांचे असे भुंगे दोन तऱ्हांचे असतात. एक ढालकिडा; इंग्रजी शिकलेली मंडळी त्याला लेडीबर्ड म्हणतात. तो आणि त्याची अळी दोघेही मावा खातात, आणि दिवसाकाठी कित्येक डझन मावा फस्त करतात. दुसरा त्याच्याच कुळातला, शास्त्रात त्याला एपिलॅक्ना म्हणतात. हा मात्र पक्का शाकाहारी. वांग्याचे पान खरवडून खरवडून त्याची चाळणी करून टाकतो. उभ्याने पाहिले तर दोघे अगदी सारखे. पण जवळून पाहा. ढालकिड्याची पाठ तुळतुळीत असते, नव्या बटणासारखी चमकते. एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक लव असते, म्हणून तो मळकट दिसतो. त्याच्या ठिपक्यांची संख्याही पुष्कळ. आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या जातीच्या अंगावर २८ ठिपके असतात. दोघांच्या अळ्या तर याहून निराळ्या. ढालकिड्याची अळी काळपट, लांबोडकी, पायांवर उंच उभी राहून चालणारी, जणू इवलीशी मगरच. एपिलॅक्नाची अळी पिवळट, आणि तिच्या अंगावर फाटे फुटलेले काटे.

आता मौज अशी की, ढालकिड्याची ही मगरीसारखी अळी दिसायला ओबडधोबड. ती पानावर दिसली की आपण म्हणतो, "हीच ती खाणारी!" आणि पहिला फवारा तिच्यावरच मारतो. राखणदारालाच आपण चोर समजून बदडतो. मावा मात्र उरतोच. तो झपाट्याने वाढतो, आणि त्याला खाणारे कुणी राहिलेले नसते. मग दुसरा फवारा, मग तिसरा. यात पैसा जातो हे तर खरेच, पण पैशापेक्षा मोठी किंमतही मोजावी लागते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा जो फवारा मारण्याची गरज नाही तो न मारणे, ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि गरज आहे की नाही हे ठरवण्याआधी, पानावर बसलेला हा कोण, हे ठाऊक असले पाहिजे. जवळून घेतलेले छायाचित्र उपयोगी पडते ते इथेच.

कुणी विचारील, नुसते भिंग घेऊन पाहिले तर चालणार नाही का? जरूर चालेल. पण किडा तुमच्यासाठी थांबत नाही. तो पानाच्या आड जातो, उडतो, पडतो. छायाचित्रात तो थांबतो. ते घरी आणून सावकाश बघता येते, ठिपके मोजता येतात, कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला दाखवता येते. आणि त्यासाठी किड्याला मारून टाचणीला टोचावे लागत नाही.

पाहण्याची ही हौस काही आजची नाही. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंच्या चित्रांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एका पिसवेचे चित्र इतके मोठे होते की त्याचा कागद घडी घालून ग्रंथात बसवावा लागला. लोक थक्क झाले. अंगावर चावणाऱ्या त्या क्षुद्र जीवाला असे चिलखत आहे, असे काटे आहेत, असे सांधे आहेत! हूकला ते चित्र हाताने काढावे लागले. आपल्याला नुसती कळ दाबायची आहे.

पण कळ दाबण्यापूर्वी थोडे भिंगाचे शास्त्र समजून घेऊ. फार अवघड नाही ते.

आपण माणसाचा फोटो काढतो तेव्हा पाच-साडेपाच फुटी माणूस कॅमेऱ्यातल्या इवल्याशा पडद्यावर उतरतो. म्हणजे प्रतिमा मूळ वस्तूपेक्षा कितीतरी लहान होते. किड्याच्या बाबतीत आपल्याला प्रतिमा लहान होऊ द्यायची नाही. किडा जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा आतल्या पडद्यावर उमटली, तर त्याला मूळ मापाचे छायाचित्र म्हणतात. मोठ्या कॅमेऱ्यातला पडदा ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. सहा मिलिमीटरचा ढालकिडा त्यावर मूळ मापाने उतरला, तर पडद्याच्या रुंदीचा सहावा हिस्सा तो व्यापतो. मग तेच चित्र भिंतीएवढे मोठे करा, त्याच्या पायांवरचे केससुद्धा मोजता येतील.

हे साधावे कसे? खास या कामाची भिंगे मिळतात, पण ती महाग. दुसरा उपाय म्हणजे कॅमेरा आणि त्याचे नेहमीचे भिंग यांच्यामध्ये पोकळ कडे बसवणे. भिंग पुढे सरकले की ते जवळचे पाहू लागते. याचा हिशेब सोपा आहे. भिंग पन्नास मिलिमीटरचे आणि कडे पंचवीस मिलिमीटरचे असेल, तर प्रतिमा मूळ वस्तूच्या निम्मी होते. कडेही पन्नासचे लावले तर प्रतिमा मूळ मापाची. मात्र तिथे पडद्यावर पडणारा प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो, हे ध्यानात ठेवायचे.

पण आपल्यापैकी बहुतेकांजवळ असा कॅमेरा नसतो. असतो तो फोन. त्यावरही काम भागते. घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर डोळ्याला जे भिंग लावतात, ते बाजारात थोडक्या पैशांत मिळते. तसले भिंग फोनच्या भिंगापुढे नीट मध्यावर धरा, किंवा चिकटपट्टीने बसवा. पाचपट दाखवणारे भिंग असेल तर किड्यापासून सुमारे पाच सेंटिमीटर अंतर ठेवावे लागते. दहापट दाखवणारे असेल तर सुमारे अडीच. म्हणजे भिंग जितके जोरदार, तितके आपण किड्याच्या अधिक जवळ, आणि तितकी त्याची पळून जाण्याची भीती अधिक. म्हणून नवख्याने पाचपटीपासून सुरुवात करावी. काही फोनमध्ये जवळच्या छायाचित्राची सोय मुळातच असते. तीही वापरून पाहावी. एक मात्र करू नये. दोन बोटांनी पडद्यावरचे चित्र ताणून मोठे करू नये. ताणल्याने चित्र वाढते, त्यातला तपशील वाढत नाही. पीठ तेवढेच आणि पाणी वाढवले, तर भाकरी मोठी होत नाही, तसेच आहे हे.

आता यातली खरी अडचण सांगतो. आपण जसजसे जवळ जातो तसतसा चित्रातला स्पष्ट दिसणारा थर पातळ होत जातो. दूरच्या डोंगराच्या चित्रात झाड, देऊळ, डोंगर सगळे स्पष्ट येते. मूळ मापाच्या छायाचित्रात, छिद्राचा आकडा आठवर ठेवला, तर स्पष्टतेचा थर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. म्हणजे किड्याचा डोळा स्पष्ट आला तर पाठ धूसर, आणि पाठ स्पष्ट आली तर डोळा धूसर. पुष्कळ जण इथेच कंटाळतात आणि कॅमेऱ्याला नावे ठेवतात.

यावर उपाय दोन. पहिला असा की किड्याचे अंग ज्या बाजूला लांब आहे, त्या बाजूला कॅमेरा समांतर धरावा. अळी देठावर आडवी बसली असेल तर तिच्या तोंडासमोरून चित्र घेऊ नये; बाजूने घ्यावे, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सारी अळी त्या एका थरात मावते. दुसरा उपाय म्हणजे, जे ओळखायचे आहे त्यावरच थर आणावा. नुसते सुंदर चित्र हवे असेल तर डोळ्यावर. ओळख पटवायची असेल तर जिथे खूण असेल तिथे. हे थर आणण्याचे काम फोनवर बोट टेकवून होते. आणि तेवढ्याने जमले नाही तर सगळे अंगच, श्वास रोखून, केसभर पुढे-मागे करावे. पाचदहा चित्रे घ्यावीत, त्यांतले एक साधते. पूर्वी रोल धुऊन येईपर्यंत काय निघाले हे समजत नसे; आता तिथल्या तिथे समजते.

वेळ कोणती निवडावी? सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची. किड्यांच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते. रात्रीच्या गारव्याने ते जड झालेले असतात आणि उन्हाची वाट पाहत पानावर बसून असतात. चतुर, फुलपाखरू, नाकतोडा, जे दुपारी हाताला लागत नाहीत, ते पहाटे दव अंगावर घेऊन निमूट बसलेले सापडतात. शिवाय तेव्हा वारा पडलेला असतो. वारा असलाच तर देठाशेजारी एक काडी रोवावी आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने फांदी तिला अलगद धरून ठेवावी. आपले कोपर गुडघ्यावर टेकावे, म्हणजे हात कापत नाही.

प्रकाशाचेही तसेच. दुपारचे ऊन किड्याच्या तुळतुळीत पाठीवर पडले की तिथे पांढरा डाग उमटतो आणि खाली काळीकुट्ट सावली. अशा वेळी पतंगाचा पांढरा पातळ कागद किंवा जुन्या धोतराचा तुकडा उन्हाच्या आड धरावा. उजेड मऊ होतो. पानाच्या खालची बाजू उजळायची असेल तर जेवणाची चकचकीत थाळी जमिनीवर ठेवली की पुरे. आणि ओळखीसाठी म्हणून एक चित्र असे घ्यावे, ज्यात किड्याच्या शेजारी शाळेतली फूटपट्टी दिसेल. नाहीतर मोठ्या केलेल्या चित्रात मुंगी आणि मुंगळा सारखेच!

साधने झाली. आता परसात जाऊ आणि कुठे काय पाहायचे ते बघू.

पहिले ठिकाण चवळीचे किंवा वालाचे कोवळे शेंडे. तिथे मावा हटकून असतो. भिंगातून पाहिले म्हणजे हिरव्या-काळ्या ठिपक्यांच्या जागी गुबगुबीत अंगाचे, सोंड देठात खुपसून बसलेले प्राणी दिसतात. यांतल्या माद्या नराशिवायच पिल्ले देतात, आणि अंडी न घालता जिवंत पिल्ले देतात. चिकाटीने पाहिलेत तर एखादे पिल्लू, मागचे अंग आधी, असे बाहेर येतानाचे चित्रही मिळेल. मावा इतक्या लवकर का वाढतो, हे मग सांगावे लागत नाही. त्याच्या भोवती मुंग्या फिरत असतात. मुंगी आपल्या मिशांनी माव्याला हलकेच थोपटते, आणि मावा गोड चिकट्याचा थेंब सोडतो. गाईच्या आचळाला हात लावावा तसे. त्या बदल्यात मुंग्या ढालकिड्याला हुसकावून लावतात. म्हणजे राखणदारालासुद्धा राखणदार असतो, आणि तो कुणाच्या बाजूचा हे बघावे लागते.

याच शेंड्यावर आणखी दोन गोष्टी शोधा. केसासारख्या बारीक देठावर टेकवलेली पांढरट अंडी दिसली तर ती क्रायसोपाची. बुरशी समजून पुसून टाकू नका. त्या देठामुळे मुंग्यांपासून, आणि आधी जन्मलेल्या भावंडांपासूनही, ती अंडी बचावतात. त्यातून निघणारी अळी विळ्यासारख्या दोन जबड्यांनी माव्याला पकडते आणि शोषून घेते. दुसरी गोष्ट म्हणजे फुगलेला, तपकिरी, वाळक्या कागदासारखा झालेला मावा. त्याच्या पाठीवर टाचणीच्या टोकाने पाडावे तसे वाटोळे भोक दिसले तर समजा, एका परजीवी माशीने त्याच्या पोटात अंडे घातले होते, तिचे पोर आत वाढले आणि भोक पाडून निघून गेले. नुसत्या डोळ्याला हे भोक दिसायचे नाही. पण ज्या शेंड्यावर असे पाच-दहा फुगलेले मावे दिसतात, तिथे निसर्गाचे काम सुरू झाले आहे. तिथे घाई करू नये.

घाई करू नये, असे मी नुसते भावनेने म्हणत नाही. एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या शास्त्रात एक सर्वसाधारण नियमच आहे की, दोन शत्रुकिडींमागे एक मित्रकीटक असेल तर फवारणी न करता लक्ष ठेवावे. मात्र हा हिशेब करायचा तर मित्र मोजता आला पाहिजे, आणि मोजायचा तर ओळखता आला पाहिजे.

ऊस पिकवणाऱ्यांना याची आठवण असेल. २००२ साली महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला आणि पाने पांढरीफटक पडू लागली. पुष्कळांनी विषारी औषधे मारली. पण उंच वाढलेल्या उसात फवारणी करणेच मुश्किलीचे. शेवटी या माव्याला आवर घातला तो मुख्यतः डिफाच्या अळीने, मायक्रोमस नावाच्या मित्रकीटकाने आणि परजीवी एन्कार्शियाने. या मित्रकीटकांची पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधावी लागली. ज्यांना पानावरचा डिफा ओळखता आला, त्यांच्या फडात तो राहिला आणि वाढला.

दुसरे ठिकाण लिंबाचे झाड. कोवळ्या पानावर चिमणीची विष्ठा पडल्यासारखे काही दिसेल. भिंग लावा, ती विष्ठा चालू लागेल! लिंबाच्या फुलपाखराची ती लहान अळी. पक्ष्यांना फसवण्याचे हे सोंग. मोठी झाली की ती सोंग बदलते आणि पानासारखी हिरवी होते. तिला काडीने हलकेच डिवचले तर मानेमागून तांबूस, दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मोठ्या झाडावर अशा दोन-चार अळ्या असल्या तर झाडाचे काही बिघडत नाही. रोपवाटिकेतली कोवळी रोपे असतील तर अळ्या हाताने वेचाव्यात, तेवढे पुरे. आणि वेचण्यापूर्वी हेही ध्यानात घ्या की, २०१५ साली महाराष्ट्राने ज्या ब्ल्यू मॉर्मन फुलपाखराला राज्यफुलपाखराचा मान दिला, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात.

तिसरे ठिकाण रुई. तिचा चीक विषारी, म्हणून गुरे तिला तोंड लावत नाहीत. पण प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तीच पाने खातात, आणि ते विष अंगात साठवून ठेवतात. पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या दोऱ्यांच्या तीन जोड्या, असा तिचा थाट. लिंबावरची अळी लपते, ही मिरवते. "मला खाल तर पस्तावाल," असे ती पक्ष्यांना सांगत असते. ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून मुलांना एवढेच विचारावे, एक लपते आणि दुसरी मिरवते, असे का? तासभर वर्ग त्यावर बोलेल. रुईचा चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नये.

चौथे ठिकाण परसाच्या कडेला लावलेल्या मक्याच्या चार ओळी. अमेरिकेतली लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही येऊन पोहोचली. मक्यावर अळ्या अनेक जातींच्या असतात, मग ही ओळखायची कशी? डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण, आणि शेपटीच्या जरा अलीकडे चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर मांडल्यासारखे चार काळे ठिपके. या दोन खुणा एकत्र दिसल्या की शंका उरत नाही. अळी मोठी झाली की त्या डोळ्यांनी दिसतात, पण तोवर ती पोंग्यात शिरून बसलेली असते आणि औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. लहान असतानाच ओळखायची तर भिंगावाचून गत्यंतर नाही. वेळीच घेतलेले असे एक स्पष्ट छायाचित्र तज्ज्ञाच्या हाती पडले, तर सगळे पीक हातचे जाण्यापूर्वी सल्ला मिळू शकतो. तेव्हा मघाशी ज्यांनी परवडण्याचा प्रश्न काढला, त्यांनी आता हिशेब करावा. मी काही भिंगाकडे पाहून सगळे फवारे बंद करा असे म्हणत नाही. पोंगा पोखरणारी अळी ही शत्रूच. तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे. बंदोबस्त तिचा व्हावा, शेजाऱ्याचा होऊ नये, एवढेच म्हणणे.

आता दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी.

फ्रान्समध्ये झाँ-आँरी फाब्र नावाचे एक शाळामास्तर होऊन गेले. १८२३ साली जन्मले, गरिबीत वाढले. १८७९ मध्ये त्यांना दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात दगडाधोंड्यांची, काटेकुटे माजलेली जमीन मिळाली. पिकाच्या दृष्टीने टाकाऊ. पण त्यांना तीच हवी होती, कारण तिथे माश्या, भुंगे, अळ्या सुखाने राहत. १९१५ साली मृत्यू येईपर्यंत ते तिथेच राहिले आणि किड्यांवर दहा खंड लिहिले. रांगेने चालणाऱ्या सुरवंटांना त्यांनी एकदा कुंडीच्या काठावर फिरत राहिलेले पाहिले. पुढच्याच्या मागे पुढचा, असे ते सात दिवस गोल फिरले, आणि फाब्र सात दिवस त्यांच्या नोंदी करत राहिले. त्यांच्या मुलाने, पॉलने, घेतलेली छायाचित्रे पुढे त्या ग्रंथांत छापली गेली. सांगायचा मुद्दा असा की, हे सगळे एका शिक्षकाने आपल्या परसात बसून केले.

आपल्या शाळेत एवढे सहज करता येईल. वर्गाला एक फोन आणि एक भिंग पुरे. चार-चार मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला एकेक झाड नेमून द्यावे. आठवड्यातून एक सकाळ. प्रत्येक चित्राखाली चार गोष्टी लिहायच्या: तारीख, झाड, पानाची वरची बाजू की खालची, आणि किडा काय करत होता. पाचवा रकाना गावातल्या नावाचा. आजीला विचारून यायचे की, "आजी, याला आपल्याकडे काय म्हणतात?" पुस्तकात न सापडणारी कितीतरी नावे यातून मिळतील. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. त्या नोंदवहीला मुलांच्या या चित्रांची आणि नावांची चांगली जोड देता येईल.

पथ्ये थोडी आहेत, पण ती पाळलीच पाहिजेत. चित्रासाठी किड्याला बर्फात ठेवून बधिर करू नये, डिंकाने चिकटवू नये, त्याचे घरटे फोडू नये. उलटवलेले पान पुन्हा जसे होते तसे करावे. केसाळ सुरवंटाला हात लावू नये. अंगाला खाज सुटते. गांधीलमाशीच्या पोळ्याजवळ आणि मोहोळाजवळ मुलांना नेऊ नये. गवतात पाय टाकण्यापूर्वी काठी आपटावी. आणि ज्या झाडावर औषध फवारले आहे, तिथे त्या दिवसांत मुलांना मुळीच जाऊ देऊ नये.

श्रोतेहो, एका पानावर बसलेल्या जीवाला आपण "किडा" म्हणतो, तेव्हा आपण त्याच्याविषयी काहीच बोललेलो नसतो. ढालकिडा म्हटले, क्रायसोपा म्हटले, लष्करी अळी म्हटले, म्हणजे मग पुढे काय करायचे तेही ठरते. उद्या सकाळी चहा झाला की वालाचा एक शेंडा हातात घ्या, पान उलटवा, भिंग लावा आणि एक चित्र घ्या. पहिले धूसर येईल. दुसरेही येईल. पण तिसऱ्या-चौथ्यात जो कुणी स्पष्ट दिसेल, त्याचे नाव विचारल्याशिवाय फवाऱ्याच्या पंपाला हात लावू नका, एवढीच माझी विनंती आहे.